आठ एलव्हीडीटी प्रोब, एक नेटवर्क मॉड्यूल: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ग्राइंडिंगनंतर शाफ्टचे व्यास तपासणाऱ्या फिक्स्चरवर आठ पेन्सिल प्रोब आहेत. हे एलव्हीडीटी, म्हणजे टोक किती सरकले ते विजेच्या सिग्नलमध्ये सांगणारे सेन्सर. दांडा ८ मिमी, प्रवास ±१ मिमी, टोकाला कार्बाइडची गोळी. पूर्वी प्रत्येक प्रोबला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर होता आणि झिरो (शून्य) आणि स्पॅन (पूर्ण प्रवासाचे माप) जुळवणारे पॉट, म्हणजे छोटे रेझिस्टर, स्क्रूड्रायव्हरने फिरवावे लागत. स्पॅन जुळवला की झिरो हलायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. आता त्या जागी आठ चॅनेलचे एक मॉड्यूल आहे: २४ व्होल्ट डीसी, नेटवर्क केबलचे एक आरजे-४५ सॉकेट, आणि मॉडबस टीसीपी, म्हणजे नेटवर्कवरून मॉड्यूलमधल्या संख्या वाचण्या-लिहिण्याची पद्धत. खालचे बहुतेक मुद्दे या वर्गातल्या कुठल्याही मॉड्यूलला लागू पडतील.

खरा फायदा हा की प्रोब जिथे काम करतो तिथेच, त्याच केबलवर आणि त्याच कोनात कॅलिब्रेट होतो. एलव्हीडीटीची संवेदनशीलता केबलच्या लांबीप्रमाणे बदलते, कारण केबलची कपॅसिटन्स बदलते. टेबलावर २ मीटर केबलने काढलेला गेन (रीडिंगला लावायचा गुणक) मशिनवर एक्स्टेन्शन लावल्यावर खरा राहत नाही. कोनाचेही तेच. प्रोब ३ अंशांनी तिरका बसला तर २ मिमी प्रवासात सुमारे २.७ मायक्रॉनची चूक येते. स्लिप (अचूक मापाचा ठोकळा) शाफ्टच्या जागी, शाफ्टच्याच दिशेने ठेवली तर ही चूक गेनमध्येच भरून निघते.

कृती अशी. मॉड्यूल अर्धा तास चालू ठेवा. एक्सायटेशनची (मॉड्यूलकडून प्रोबला मिळणाऱ्या एसी पुरवठ्याची) फ्रिक्वेन्सी प्रोबच्या सर्टिफिकेटवर लिहिलेली आहे तीच निवडा. ५ किलोहर्ट्झच्या प्रोबला १० देऊ नका, संवेदनशीलता आणि फेज दोन्ही बदलतात. मग १० मिमीची स्लिप ठेवून, स्क्रीनवर शून्य दिसेपर्यंत प्रोब हाताने सरकवा आणि तिथेच क्लॅम्प करा. हे टाळून सॉफ्टवेअरने झिरो मारला तर प्रवासाची एक बाजू तोकडी पडते. क्लॅम्प जास्त आवळू नका, दांडा दबला की आतला प्लंजर अडकतो.

त्यानंतर ९, ९.५, १०, १०.५ आणि ११ मिमी. ११२ नगांच्या संचात ०.५ ते २४.५ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या मिमीच्या स्लिप असतात, त्यामुळे पाचही बिंदूंना एकेकच स्लिप पुरते आणि जोडणीतली चूक येतच नाही. आधी चढत्या क्रमाने, मग उतरत्या. समजा झिरो केल्यावर ९ ला −०.९९६२ आणि ११ ला +०.९९७४ आले, तर गेनचा गुणक २ ÷ १.९९३६, म्हणजे १.००३२. सर्टिफिकेटवर स्लिपचे प्रत्यक्ष माप दिलेले असते, गणितात ते घ्या. उरलेल्या चुकांचा आलेख काढाच. एकाच दिशेने कललेली रेषा दिसली तर गेन चुकला. एस आकार दिसला तर तो प्रोबचा स्वतःचा वक्र, दोन बिंदूंच्या गणिताने तो जात नाही. मोजणी शून्याच्या आसपासच्या प्रवासातच ठेवा. चढ-उतारात फरक आला तर रबरी बेलोजवर (प्रोबच्या टोकाजवळच्या घडीच्या आवरणावर) साठलेला कूलंटचा गाळ किंवा ढिला स्टँड बघा. बिंदू वेडेवाकडे पडले तर स्लिप पुसा.

तापमानाकडे दुर्लक्ष करू नका. २० अंशांच्या स्टँडर्ड रूममधून आणलेली १० मिमीची स्लिप मे महिन्यातल्या ३६ अंशांच्या शॉपमध्ये जवळपास १.८ मायक्रॉन वाढते. ती वाढत असतानाच रीडिंग घेतले तर पाच बिंदूंचा आलेख खोटा येतो. स्लिप फिक्स्चरच्या प्लेटवर तासभर पडू द्या आणि चिमट्यानेच उचला.

नेटवर्कच्या बाजूने सर्वांत जास्त वेळ खातो तो शब्दक्रम, म्हणजे संख्येच्या दोन अर्ध्या भागांपैकी आधी कोणता जातो ते. गुणक ३२ बिटांचा फ्लोट (दशांश संख्या) असतो, तो मॉड्यूलमधल्या १६ बिटांच्या दोन जागांत, म्हणजे दोन रजिस्टरमध्ये, एकेक शब्द असा बसतो. हेक्स अंकांत १.० म्हणजे ३एफ८० आणि ००००. हे शब्द उलटे गेले तर इतकी लहान संख्या बनते की स्क्रीनवर शून्यच दिसते आणि चॅनेल मेल्यासारखा वाटतो. मॅन्युअलमधला पत्ता ४०००१ प्रत्यक्ष पाठवताना ० धरायचा की १, हा एकाचा फरकही आधी एका ओळखीच्या रजिस्टरवर तपासून घ्या. मॉड्यूलला स्थिर आयपी द्या.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. गुणक ज्या मेमरीत साठतो तिला लेखनाची मर्यादा असते, ईईप्रॉमला (वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या चिपला) साधारण १ लाख वेळा. पीएलसीच्या (मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) लॅडर प्रोग्राममध्ये लेखनाचा ब्लॉक प्रत्येक स्कॅनला, म्हणजे प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीला, चालू राहिला आणि स्कॅन ५० मिलिसेकंदांचा असला, तर ती मर्यादा दीड तासाच्या आत संपते. लेखन बटणाच्या चढत्या कडेवर, म्हणजे ते दाबले जाते त्या क्षणी, एकदाच व्हायला हवे. मॉडबस टीसीपीमध्ये पासवर्ड नसतो, म्हणून ऑफिसच्या नेटवर्कवरून कोणीही गुणक बदलू शकतो. वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र केलेला भाग) हवा, आणि मॉड्यूलवर लेखन-बंदीचा स्विच असेल तर काम झाल्यावर तो लावलाच पाहिजे.

तक्रारी दोन. शेजारी दुसरे मॉड्यूल बसवल्यावर रीडिंग हळूहळू वर-खाली झुलायला लागले: एक्सायटेशन देणाऱ्या दोन ऑसिलेटरांच्या फ्रिक्वेन्सी जवळजवळ सारख्या, पण एक नाहीत. सिंकची तार (दोन्ही मॉड्यूल एकाच तालात ठेवणारी) जोडल्यावर झुलणे थांबले, पण मॅन्युअलमध्ये ही तार एका कोपऱ्यात उरकली आहे. दुसरी तक्रार, गुणक चॅनेलला चिकटलेला असतो, प्रोबला नाही. दोन प्रोबचे कनेक्टर अदलाबदल झाले तर मॉड्यूल काहीच सांगत नाही. कनेक्टरवर आणि प्रोबवर एकच क्रमांक कोरून ठेवा, आणि दर कॅलिब्रेशनआधी सगळे गुणक वाचून फाइलमध्ये जपा.

शेवटी मॉड्यूलची वीज बंद करून पुन्हा चालू करा आणि १० व ११ च्या स्लिप परत ठेवा. साठवण्याची आज्ञा राहून गेली असेल तर जुना गुणक इथेच परत आलेला दिसतो.