दोघांनी मिळून केलेली मॅप लिस्ट: वीकेंडच्या सिटी ट्रिपसाठी बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. जोडीने एखाद्या शहरात शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ जायचं असेल तर गूगल मॅप्समधली शेअर केलेली लिस्ट वापरा, अशी की जी दोघांनाही एडिट करता येते, आणि एकाने सगळं ठरवायचं नि दुसऱ्याने फक्त बॅग भरायची हा प्रकार बंद करा. मी आणि नवरा, दोघंही नोकरीवाले, फक्त दोघांच्या अशा छोट्या ट्रिप गेले बरेच महिने याच पद्धतीने ठरवतोय आणि आता दुसऱ्या कुठल्या पद्धतीने करायची इच्छाच होत नाही. पण यात काही गोष्टी नीट चालतात, काही अजिबात चालत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी बहुतेक घरांत असतं तसंच आमच्याकडे होतं, म्हणजे शोधाशोध मी करणार, हॉटेल मी बघणार, कुठे जायचं ते मी ठरवणार आणि नवरा म्हणणार "तू म्हणशील तिथे जाऊ". ऐकायला हे प्रेमाचं वाटतं पण त्यातून होतं काय, की जागा कंटाळवाणी निघाली की जिने ठरवली तिलाच वाईट वाटतं आणि ज्याने ठरवली नाही तो बिचारा चांगलं म्हणायला बांधील असतो. ट्रिप दोघांची आणि डोक्याला ताप एकाच्याच. माझ्या मते वीकेंडच्या ट्रिपमध्ये होणारी अर्धी भांडणं इथूनच सुरू होतात, दमल्यामुळे वगैरे नंतर.

आता लिस्ट कशी चालते ते. मॅपवर जागा उघडायची, सेव्ह करायची, नवीन लिस्ट करायची, तिला शहराचं नाव द्यायचं आणि लिंक दुसऱ्याला पाठवताना एडिट करायची परवानगी चालू ठेवायची. एवढंच. खरी गंमत आहे ती प्रत्येक जागेला नोट लिहिता येते त्यात. आमचा एकच नियम आहे, नोट नसेल तर पिन, म्हणजे मॅपवर सेव्ह केलेली ती जागा, काढून टाकायची. नोटमध्ये जागेची माहिती नाही लिहायची, ती मॅपवर असतेच, तिथे का जायचंय ते लिहायचं. त्यामुळे नवऱ्याच्या नोट्स "पाऊस आला तर इथे दोन तास जातील", "इथे बसायला सावली आहे, फोटोत बघितलं" अशा असतात, माझ्या "सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी पोचायचं, नंतर उपयोग नाही" अशा. एकदा त्याने एका जुन्या पुलापुढे नुसतं "तुझ्यासाठी" असं लिहिलं होतं. एवढी वर्षं एकत्र राहून मला माहीत नव्हतं की मला जुने पूल आवडतात हे त्याच्या लक्षात आहे.

पंचवीस-तीस पिना झाल्या की मॅप लांब करून बघायचा आणि इथे तुम्हाला शहर आपोआप कळायला लागतं, कारण पिना कधीच सारख्या पसरलेल्या नसतात, दोन-तीन ठिकाणी दाटी असते आणि चार-पाच पिना कुठेतरी टोकाला एकट्या. साधारण माणूस तासाला चार ते पाच किलोमीटर चालतो, म्हणजे वीस मिनिटांच्या चालण्यात दीड किलोमीटर धरा, तेवढ्या अंतरात ज्या पिना बसतात तो एक दिवस. शनिवारी एक पुंजका, रविवारी दुसरा, झालं प्लॅनिंग. टोकाच्या पिनेसाठी ज्याने ती टाकली त्याने बाजू मांडायची, पटली तर त्या दिवशी दुसरं काही नाही. वेळापत्रक म्हणजे दहाला हे, साडेअकराला ते, असं आम्ही करत नाही कारण दोन दिवसांच्या ट्रिपमध्ये एक गोष्ट अर्धा तास लांबली की पुढचा सगळा कागद खोटा ठरतो आणि मग त्या कागदाचंच टेन्शन.

हॉटेल पिनांनंतर बघायचं, आधी नाही. हे फार महत्त्वाचं आहे आणि बहुतेक लोक उलटं करतात असं माझं निरीक्षण आहे. आधी स्वस्त हॉटेल बुक होतं आणि मग दोन दिवस तिथून सगळीकडे जाण्यायेण्यात जातात. पुंजक्यात किंवा दोन पुंजक्यांच्या मधे, शक्यतो रात्री चालत परत येता येईल अशी जागा बघा, कारण जोडीच्या ट्रिपमध्ये संध्याकाळ हाच मुख्य भाग असतो आणि शेवटची ट्रेन किती वाजता याकडे लक्ष ठेवत घालवलेली संध्याकाळ ही संध्याकाळ नाही. ऑफिसांच्या भागातली हॉटेलं वीकेंडला बरेचदा स्वस्त असतात कारण त्यांचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे कामासाठी आलेले लोक, आणि ते शुक्रवारी घरी जातात. खोल्या छान मिळतात पण तो भाग रविवारी सामसूम असतो, आजूबाजूचं निम्मं बंद असतं, हे धरून चला. शांतता हवी असेल तर उत्तमच.

बुकिंगबद्दल एक कडू अनुभव सांगते. एका बुकिंग अ‍ॅपवरून खोली घेतली, विनंतीच्या चौकटीत "एक मोठा बेड" असं स्पष्ट लिहिलं, आणि रात्री उशिरा पोचलो तर खोलीत दोन वेगळे सिंगल बेड, मधे नाइट स्टँड, तोही भिंतीला पक्का बसवलेला. रिसेप्शनवाला म्हणाला विनंती म्हणजे फक्त विनंती असते, हमी नाही. बरोबरच होतं त्याचं, पण एवढ्या लांब जाऊन असं झालं की मूड जातोच. डबल म्हणजे एक मोठा बेड आणि ट्विन म्हणजे दोन वेगळे, पण ज्या खोलीच्या नावात "डबल किंवा ट्विन" दोन्ही आहे ती जोडीने घेऊच नये, आणि जायच्या दोन दिवस आधी थेट हॉटेललाच फोन किंवा मेल करून बेड आणि पोचायची वेळ पक्की करावी. चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीननंतर आणि चेक-आऊट अकरा-बाराला असतं, म्हणून बॅगा आधी आणि नंतर ठेवून घेतात का हे त्याच फोनवर विचारा. दोन दिवसांच्या ट्रिपमध्ये बॅगा ओढत फिरलात तर एक दिवस गेला समजा. रिव्ह्यू वाचताना नवीन आधी असे लावा आणि रिव्ह्यूमध्ये शोधायची सोय असते तिथे आवाज, भिंती, लिफ्ट असे शब्द टाकून बघा, स्टारपेक्षा जास्त कळतं.

गर्दीचं. जागेच्या पानावर कुठल्या तासाला किती गर्दी असते याचा जो आलेख दिसतो तो ज्या लोकांनी आपल्या लोकेशनची माहिती वापरायला परवानगी दिलीय त्यांच्या एकत्र केलेल्या निनावी माहितीवरून बनतो, म्हणून छोट्या किंवा कमी लोक जातात अशा जागांना तो नसतोच. मोठ्या जागांसाठी मात्र तो आम्हाला खूप उपयोगी पडला. शनिवार दुपार बहुतेक ठिकाणी सगळ्यात वाईट दिसते, त्यामुळे ज्या एका प्रसिद्ध गोष्टीसाठी तुम्ही त्या शहरात आलाय ती उघडल्यावरच्या पहिल्या तासात उरकून घ्या, दुपारी गल्ल्यांमधून फिरा. आणि बंद व्हायची वेळ बघून चालत नाही, शेवटचा प्रवेश बऱ्याच म्युझियमना अर्धा-पाऊण तास आधीच थांबतो, ते त्यांच्या स्वतःच्या साइटवर बघा.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. लिस्टमध्ये प्रत्येकाला एक पिन अशी मिळते की जिच्यावर चर्चा नाही, दुसऱ्याला आवडो न आवडो, जायचं म्हणजे जायचं. आणि शनिवारी दुपारी तीन ते सहा काहीच ठरवायचं नाही, झोपा, बाकावर बसा, वाटेल ते करा. त्यात एक तास आम्ही चक्क वेगवेगळे फिरतो. हे ऐकून मैत्रिणीने विचारलं की मग जोडीने कशाला गेलात. पण एक तास वेगळं फिरून परत भेटलं की सांगायला काहीतरी असतं ना, नाहीतर दोन दिवस दोघांनी तेच बघितलेलं, तेच ऐकलेलं, तर जेवताना बोलणार काय?

"चर्चा नाही" वाल्या पिनेबद्दल मला आधी शंका होती पण आता वाटतं जोडप्यांसाठी खरी कमाई तीच आहे. आर्थर आरन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली जोडप्यांनी मिळून काहीतरी नवीन करण्यावर संशोधन छापलं होतं, त्यात काही जोडप्यांचे एका बाजूचे हात आणि पाय एकमेकांना बांधून त्यांना मॅटवरून रांगत एक उशी पलीकडे न्यायला लावली, हात न वापरता, आणि काहींना साधं कंटाळवाणं काम दिलं. सात मिनिटांचा खेळ, पण नवीन आणि धडपडीचं काम केलेल्या जोडप्यांना नंतर आपलं नातं जास्त छान वाटत होतं. नवऱ्याच्या पिनेमुळे मी जुन्या यंत्रांच्या एका संग्रहालयात गेले जिथे मी आपणहून आयुष्यात गेले नसते, आणि तिथे एक हँडल दोघांनी मिळून फिरवल्याशिवाय यंत्र हलतच नव्हतं, आम्ही घामाघूम झालो, हसून हसून पोट दुखलं. त्या ट्रिपमधलं बाकीचं पुसट झालंय, ते हँडल पक्कं लक्षात आहे.

आणि लिस्टचा अजून एक फायदा मला अपेक्षित नव्हता, तो म्हणजे जायच्या आधीचे आठवडे. नेदरलँड्समध्ये १५३० लोकांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये आला होता, त्यात सुट्टीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी दिसले ते जाण्याच्या आधी, आल्यानंतर बहुतेकांमध्ये फारसा फरक उरला नव्हता, सुट्टी अगदी निवांत गेली असेल तर तेवढा थोडा टिकला. म्हणजे वाट बघण्याचा काळ हा ट्रिपचाच भाग आहे, आणि एकट्याने प्लॅन केलं की तो आनंद एकट्यालाच मिळतो. आता आठवड्याच्या मधेच फोनवर नवीन पिन दिसते, ऑफिसमध्ये बसल्या बसल्या नोट वाचायची, संध्याकाळी त्यावर बोलायचं, टीव्हीपेक्षा कितीतरी बरं.

न चालणाऱ्या गोष्टी. ऑफलाइन मॅप डाउनलोड केला तरी त्यावर रस्ता मिळतो तो गाडीचा, चालण्याचा किंवा बस-ट्रेनचा नाही, त्यामुळे परक्या शहरात डेटा नसेल तर नुसत्या पिना बघून दिशा काढावी लागते, हॉटेलपासूनच्या रस्त्यांचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. एकाच रस्त्यात अनेक थांबे टाकायची सोय बस-ट्रेनसाठी नाही, एक एक करून बघावं लागतं. एडिटची लिंक ज्याच्याकडे जाईल तो बदल करू शकतो, तेव्हा ती लिंक फॅमिली ग्रुपवर टाकू नका, सगळ्यांच्या सूचना पिन होऊन येतील. आणि पैशांचं या लिस्टमध्ये काहीच होत नाही. खर्चाचा आकडा आम्ही बुकिंग अ‍ॅप उघडायच्या आधी, पिना टाकायच्याही आधी तोंडी ठरवतो, दोघांनी आपापला आकडा सांगायचा आणि कमी असेल तो धरायचा. हे बोलायला अवघड वाटतं पण नंतर हॉटेलचे फोटो बघून मोह झाल्यावर बोलण्यापेक्षा सोपं आहे.

सगळ्यांना जमेल का, तर नाही. ज्या जोडीत एकाला प्लॅनिंग मनापासून आवडतं आणि दुसऱ्याला खरंच कंटाळा आहे तिथे पंचवीस पिना वीस-पाचच्या हिशोबात येतील. तिथे निदान ती एक चर्चा नसलेली पिन तरी दुसऱ्याकडून घ्याच. पहिल्यांदाच एकत्र जाणाऱ्यांनी तर नोट्स नक्की लिहाव्यात, कोणाला किती चालायला आवडतं, कोणाला सकाळी उठायचं नाहीये हे तिथेच कळतं.

परत आल्यावर त्याच आठवड्यात लिस्ट साफ करा, गेलेल्या जागांच्या नोटमध्ये एक ओळ टाका आणि राहिलेल्या वेगळ्या ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा त्याच शहरात जायचं ठरलं तर राहिलेल्या पिना उघडून आधी बघा त्या जागा चालू आहेत का, आमच्या एका लिस्टमधल्या दोन जागांवर आता "कायमचे बंद" असं दिसतंय.