स्मरणिका 172 ग्रॅमची भरली

मला छपाईचं डिझाइन शिकवणारा आणि मला फसवणारा माणूस एकच होता. म्हणून तर फसवणूक लक्षात यायला इतका उशीर झाला.

लालबागच्या आमच्या कबड्डी मंडळात मी खेळायला गेलो आणि गुडघा गेल्यावर मैदानाबाहेरच्या कामांना लागलो. आधी फक्की मारणं, पंचांचा चहा, मग बॅनर, मग प्रमाणपत्रं. महिना 4,000 रुपये मानधन आणि घरचा जुना लॅपटॉप, त्यावर रात्री कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकायचो. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका माझ्याकडे आली तेव्हा मी फ्लेक्सपलीकडे काहीही केलेलं नव्हतं. ए-फोर आकार, आतली 48 पृष्ठं, 1,000 प्रती.

लोअर परळच्या एका गाळ्यातला प्रेसवाला कुणाच्या तरी ओळखीने मिळाला. काका म्हणायचो त्यांना. माणूस शिकवायला हौशी. कापल्यावर कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चारी बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर जास्तीचा रंग, सोडायचं, फोटो 300 डीपीआयचा, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांचा हवा, व्हॉट्सॲपवरून आलेला चालत नाही, श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर पाठवण्याआधी कर्व्ह्जमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांमध्ये बदलायचा, हे सगळं त्यांनीच सांगितलं. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. आजही तसंच करतो.

पहिला प्रूफ, म्हणजे तपासायला काढलेली प्रत, आला तर आमच्या जर्सीचा झगझगीत पोपटी रंग शेवाळासारखा दिसत होता. काका म्हणाले, "बाळा, फाइल आरजीबीत दिलीस. प्लेट्स वाया गेल्या. नव्या काढायला लागतील." प्लेट्स म्हणजे छपाईच्या मशीनवर चढवायचे धातूचे पत्रे. चूक माझीच होती. आरजीबी म्हणजे स्क्रीनचे रंग, सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शाया, आणि सीएमवायकेमध्ये तो पोपटी येतच नाही, हे मला ठाऊक नव्हतं. लाजेने कुणाला न सांगता माझ्या खिशातून 6,000 रुपये दिले. तो प्रूफ डिजिटल प्रिंटरवरचा होता, आणि प्लेट्स तर प्रूफवर सही झाल्यानंतर निघतात. वाया जायला प्लेट्स होत्याच कुठे? हे मला चार महिन्यांनी कळलं. आपली एक चूक खरी निघाली की समोरच्याने तिच्या नावावर केलेला सगळा खर्च आपण मुकाट्याने भरतो.

मोठा घोळ कागदाचा. गाळ्यात मला दाखवलेला नमुना 130 जीएसएम (हे कागदाच्या वजनाचं माप) आर्ट पेपरचा होता, बोटाला छान गुळगुळीत आणि कडक. व्हॉट्सॲपवर दर आला त्यात एवढंच होतं: "48 पृष्ठे, आर्ट पेपर, चार रंग, कव्हर 300." आतल्या कागदाचा आकडा नाही. मी विचारलाही नाही, नमुना बघितला होता ना! तो नमुनाही काकांकडेच राहिला.

प्रकाशन झालं, हारतुरे झाले. दुसऱ्या दिवशी जाहिरातीचे उरलेले पैसे मागायला नाक्यावरच्या वाण्याकडे गेलो. त्याने आपल्या जाहिरातीचं पान उजेडात धरलं. मागच्या पृष्ठावरचा चढाई करणारा खेळाडू त्याच्या तूरडाळीतून आरपार दिसत होता. "हे काय रे, माझ्या डाळीत कबड्डी?" म्हणाला, आणि अंक सरळ काट्यावर टाकला. 172 ग्रॅम.

घरी येऊन गणित मांडलं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोरचं एक पान 130 जीएसएममध्ये सुमारे 8.1 ग्रॅम भरतं. 48 पृष्ठं म्हणजे 24 पानं, म्हणजे 195 ग्रॅम. कव्हरचे 37. अंक 230 ग्रॅमच्या आसपास हवा होता. कागद 90 जीएसएमचा धरला तर हिशेब नेमका 172 वर येतो. हजार प्रतींमागे 60 किलो कागद काकांच्या गाळ्यात राहिला.

विचारायला गेलो तर आवाजही चढला नाही त्यांचा. "आर्ट पेपर म्हटलं होतं, आर्ट पेपरच आहे." बिलावर "स्मरणिका छपाई" या दोन शब्दांपलीकडे काही नव्हतं आणि पैसे सगळे देऊन झाले होते. मंडळात अध्यक्षांनी फक्त विचारलं, "लेखी काय आहे?" वाण्याने उरलेले पैसे दिलेच नाहीत. त्याला तरी काय बोलणार?

आता कुठल्याही प्रेसमध्ये आधी ठरलेल्या कागदाची कोरी डमी बांधून घेतो, पहिल्या पानावर वजन आणि जीएसएम लिहून प्रेसवाल्याची सही घेतो, आणि डमी घरी आणतो. दरपत्रकात आतला कागद, कव्हर, प्लेट्स, बांधणी वेगवेगळ्या ओळींत मागतो. छपाईच्या दिवशी कागदाच्या रिमचं (गठ्ठ्याचं) वेष्टन बघतो, जीएसएम त्यावर छापलेला असतो. काही जण वैतागतात. गेल्या महिन्यात एकाने तर म्हटलं, "एवढा अविश्वास असेल तर दुसरीकडे जा." गेलो.

काकांचा दिवाळीला मेसेज येतो अजून. शुभेच्छापत्राची कड मात्र बरोबर 3 मिलिमीटर सोडलेली असते.