बेळगावात अन्ननलिकेची मॅनोमेट्री : करून घेतली, त्याबद्दल

घास छातीत अडकतो म्हणून वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे. मी शहापूरची, घरगुती डबे करून देते. भाकरीचा घास छातीच्या मधोमध अडकायचा, वर पाणी प्यायलं की तेही तिथंच थांबायचं. रात्री आडवं झालं की संध्याकाळचा भात जसाच्या तसा घशाशी यायचा. एंडोस्कोपी केली; जखम नाही, गाठ नाही. घरचे म्हणाले, टेन्शन असेल. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं पडलं. दुर्बिणीतून अन्ननलिका आतून कशी आहे ते दिसतं, पण ती घास खाली ढकलते की नाही, हे कळायला दाब मोजावा लागतो, असं म्हणून त्यांनी मॅनोमेट्री लिहून दिली.

शहरातल्या एका पोटविकार केंद्रात ती केली. वेळ ठरवतानाच त्यांनी फोनवर सगळ्या गोळ्यांची नावं विचारून घेतली, हे मला फार आवडलं. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन, मळमळीवरची डोमपेरिडोन, दुखण्यावरची ट्रॅमाडॉल अशा औषधांनी अन्ननलिकेच्या स्नायूंचं काम बदलतं आणि आकडे चुकू शकतात. कुठली कधी थांबवायची ते माझ्या डॉक्टरांशी बोलून ठरलं. तुम्हीही मनानं काही बंद करू नका. माझ्या अन्ननलिकेत अन्न साचून राहतं म्हणून आदल्या दिवशी फक्त पातळ खायचं आणि सकाळी उपाशी यायचं, असं सांगितलं होतं.

आता मुख्य भाग, ज्याची सगळ्यांना भीती असते. भूल देत नाहीत, कारण स्नायू एरवी हलतात तसेच हलले पाहिजेत आणि गिळायचं काम आपल्यालाच करायचं असतं. नाकात बधिर करणारी जेली लावतात आणि साधारण 4 मिलिमीटर जाडीची नळी नाकातून जठरापर्यंत सोडतात. तिच्यावर दर सेंटिमीटरला एक असे 36 सेन्सर होते. नळी घशाच्या वळणावर येते तेव्हा ओकारी येते, डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. तेवढा वेळ वाईट जातो, खोटं कशाला सांगू? हनुवटी छातीला टेकवून स्ट्रॉनं थोडं थोडं पाणी ओढत राहिले, तशी ती सरकत खाली गेली. मग कॉटवर झोपवतात, आणि तिथून पुढं त्रास कमी, शिस्त जास्त.

सिरिंजनं 5 मिलिलिटर पाणी तोंडात सोडतात. ते एकाच घोटात गिळायचं आणि पुढचा अर्धा मिनिट आवंढासुद्धा गिळायचा नाही. असं 10 वेळा. नळी घशात असताना आवंढा आवरणं हेच खरं अवघड. टेक्निशियन मुलगा गोकाककडचा, घरी कन्नड बोलणारा, पण नळी घालायच्या आधीच त्यानं पुढचं सगळं मराठीतून समजावलं होतं. "अक्का, बोट वर केलं की गिळा, खाली आहे तोवर काही नको." नळी असताना बोलवत नाही, त्यामुळं त्या बोटाकडं बघून मी निभावलं. नंतर बसवून आणखी 5 घोट, मग 2-2 मिलिलिटरचे भराभर 5 घोट, आणि शेवटी 200 मिलिलिटर पाणी सलग. ते मला जमलं नाही, अर्ध्यातच वर आलं. त्यानं लगेच ट्रे पुढं धरला आणि तेही नोंदवून घेतलं. नळी काढायला क्षणभर लागतो.

काढल्यावर त्यानं मला स्क्रीन दाखवली. निळा म्हणजे कमी दाब, लाल-जांभळा म्हणजे जास्त. निरोगी माणसाच्या चित्रात घोटाबरोबर एक रंगीत पट्टा वरून खाली तिरका उतरतो आणि त्याच वेळी तळाची झडप सैल पडून तिथला रंग फिका होतो. माझ्या चित्रात तिरका पट्टा एकाही घोटाला नव्हता. पूर्ण अन्ननलिकाभर एकदम दाब चढून सरळ उभे खांब उठले होते, आणि खालची झडप घट्टच. इतकी वर्षं जे सांगत होते ते रंगांत समोर होतं, आणि मला रडू आलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट घाई न करता समजावला. मॅनोमेट्रीच्या आकड्यांवरून अन्ननलिकेचे आजार ठरवायचं जे 2021 चं शिकागो वर्गीकरण आहे, त्यानुसार हा अ‍ॅकलेशिया, म्हणजे अन्ननलिका घास ढकलत नाही आणि तळाची झडपही सैल पडत नाही असा आजार, त्यातला दुसरा प्रकार. झडप सैल होते का ते सांगणारा दाबाचा आकडा, आयआरपी, त्यांच्या यंत्रावर 15 मिलिमीटर पाऱ्याच्या आत हवा, माझा दुपटीच्या आसपास होता. तीन प्रकारांत हा उपचाराला सगळ्यांत चांगली दाद देतो. फुग्यानं झडप ताणणं, पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीनं करायची शस्त्रक्रिया किंवा तोंडातून एंडोस्कोपनं स्नायू कापण्याची पोएम, असे मार्ग आहेत. पोएम जपानच्या डॉ. इनोउए यांनी 2008 मध्ये माणसावर पहिल्यांदा केली. मी तीच करणार आहे.

खर्च आधी सांगितला तेवढाच घेतला. खानापूर, निपाणीकडून येणाऱ्यांनी उपाशीपोटी प्रवास लक्षात घेऊन सकाळची पण फार लवकरची नको अशी वेळ मागावी, आणि सोबत कुणीतरी असावं.

तक्रार एकच. संमतीपत्र फक्त कन्नड आणि इंग्रजीत आहे. माझ्या पुढच्या नंबरच्या आजींनी न वाचताच अंगठा उठवला. नाकातून नळी जाणार, हे त्यांना आत गेल्यावर कळलं. एवढी चांगली माणसं असलेल्या केंद्रानं मराठीतला एक कागद छापून ठेवावा, असं मी काउंटरवर लिहून दिलं आहे.