कादिझ की मालागा? अंदालुसियाच्या किनाऱ्यावर मुक्काम कुठे करावा

दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाच्या किनाऱ्यासाठी चार-पाच दिवस हाताशी असले की कादिझ आणि मालागा दोन्ही उरकून घेऊ असं वाटतं. नकाशावर दोन्ही जवळ दिसतात, पण रस्त्याने अंतर सुमारे २४० किलोमीटर आहे. रेल्वेने जायचं तर सेव्हिलच्या बाजूने वळसा पडतो आणि दिवस बॅगा ओढण्यातच संपतो. त्यापेक्षा एक गाव निवडा. निवडताना स्मारकांच्या याद्या जुळवत बसू नका, कारण फिनिशियन मूळ, रोमन रंगमंदिर, कॅथेड्रल, किल्ला हे सगळं दोन्हीकडे आहे. खरा फरक आहे तो चढ, वारा आणि पाणी या तीन गोष्टींचा.

पायांचा हिशोब

कादिझचं जुनं गाव म्हणजे अटलांटिकमध्ये घुसलेल्या चिंचोळ्या पट्टीचं टोक. तीन बाजूंना समुद्र आणि जमीन जवळजवळ सपाट. रेल्वे स्टेशन जुन्या गावाच्या तोंडाशीच असल्याने टॅक्सी लागत नाही. गल्ल्या इतक्या अरुंद की भर दुपारीही एका बाजूला सावली मिळते. गुडघे दुखणारे आई-वडील सोबत असतील तर एवढ्यावरच निर्णय कादिझच्या बाजूने जावा. कॅथेड्रलच्या मनोऱ्यातसुद्धा पायऱ्यांऐवजी फिरत वर जाणारा उतार आहे. खालच्या तळघरात संगीतकार मानुएल दे फाया यांची समाधी आहे.

मालागाचा मध्यभाग सपाट असला तरी बघण्यासारखं ते टेकडीवर आहे. पायथ्याशी १९५१ साली सापडलेलं रोमन रंगमंदिर, त्याच्या वर ११व्या शतकातली अल्कासाबा (मुस्लिम राज्यकर्त्यांची तटबंद गढी), आणि त्याहून वर १४व्या शतकातला हिब्राल्फारोचा किल्ला. इथे हमखास एक चूक होते. दोन्ही तटबंद्या भिंतीने जोडलेल्या दिसतात, म्हणून लोक आतून रस्ता शोधत राहतात. तो पर्यटकांसाठी नाही. अल्कासाबातून खाली बाहेर पडून पुन्हा बाहेरचा खडा चढ चढावा लागतो, आणि जुलैच्या उन्हात तो जीव काढतो. म्हणून ३५ क्रमांकाच्या बसने आधी हिब्राल्फारो गाठा, मग उतरत अल्कासाबाकडे या. दोन्हींचं एकत्र तिकीट मिळतं.

वारा

पर्यटन पुस्तिकांत वाऱ्याबद्दल ओळभरही नसते, पण सहल बिघडते ती त्यानेच. कादिझला दोन वारे आहेत. पोनिएन्ते पश्चिमेकडून, अटलांटिकवरून येतो. दमट आणि गार. लेवान्ते पूर्वेकडून येतो. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटरची, त्यामुळे तिच्यातून निघताना त्याचा वेग वाढतो. कादिझपर्यंत पोचेतो तो कोरडा, गरम झालेला असतो आणि सुरू झाला की कित्येकदा दिवसेंदिवस थांबत नाही. अशा दिवशी तारिफा किंवा बोलोन्याच्या किनाऱ्यावर वाळू सुयांसारखी टोचते. टॉवेल पसरायचीही सोय नसते. तेव्हा ला कालेता गाठावी. गावाच्या पश्चिम टोकाची ही छोटी चंद्रकोर पुळण दोन किल्ल्यांच्या मध्ये आहे आणि पाठीशी अख्खं गाव उभं असल्याने लेवान्ते अडतो. सूर्यास्तही इथूनच, थेट समुद्रात. जूनअखेरीस तो रात्री पावणेदहाच्या सुमारास होतो, त्यामुळे जेवणाची वेळ त्यानुसार ठरवा. तसंही रात्रीची स्वयंपाकघरं उशिराच उघडतात.

मालागाला त्रास देतो तो तेराल. हा डोंगरांकडून, जमिनीवरून येणारा रखरखीत वारा. गंमत अशी की हवा भाजत असताना समुद्र मात्र बर्फासारखा होतो: वारा वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून लोटतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. लेवान्ते आला की उलट, पाणी उबदार होतं.

पाणी

कोकणात वाढलेल्यांना कादिझ लगेच कळेल, कारण इथे खरी भरती-ओहोटी आहे. उधाणाला पाण्याची पातळी तीनेक मीटरने वरखाली होते. भरतीला ला कालेताची वाळू आक्रसते. ओहोटीला खडक उघडे पडतात आणि मुलांना डबकी धुंडाळता येतात. भरतीचं वेळापत्रक पाहूनच निघा. मोठी पुळण हवी तर नव्या गावातली ला व्हिक्तोरिया आहे. भूमध्य समुद्रावरच्या मालागात भरती नगण्य आणि वाळू करडी. लहान मुलांना पाण्यात खेळवायला लाटा इथे सौम्य.

एकेक खास गोष्ट

कादिझला तोर्रे ताविरा. १८व्या शतकात व्यापारी आपली जहाजं येताना दिसावीत म्हणून घरांवर मनोरे बांधत. त्यांतला हा एक. १९९४ पासून इथे अंधाऱ्या खोलीत आरसा आणि भिंगातून शहराचं जिवंत चित्र एका पांढऱ्या खोलगट तबकावर उतरवतात. गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे त्या तबकावर हलताना दिसतात. प्रकाश कमी असेल तर चित्र फिकं पडतं, म्हणून ढगाळ दिवशी जाऊ नका. गट ठरलेल्या वेळेला आत सोडतात.

मालागाकडे कामिनितो देल रेय आहे, आणि धडधाकट माणसाने मालागा निवडायला हे एकच कारण पुरेसं आहे. जलविद्युत कामगारांसाठी १९०१ ते १९०५ मध्ये बांधलेली ही कड्यावरची वाट अपघातांनंतर बंद होती. २०१५ मध्ये नव्याने खुली झाली. एकूण ७.७ किलोमीटर, काही ठिकाणी घळीच्या तळापासून शंभर मीटर उंच. वाट एकदिशा आहे: आर्दालेसकडून शिरायचं, एल चोरोला उतरायचं. परत गाडीपाशी नेणारी बस मिळते. तीन-चार तास धरा. आठ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, सोमवारी बंद, जोराचा वारा असला तरी बंद. गोंधळ होतो तो वेळेचा. तिकिटावरची वेळ ही चौकीवर हजर राहण्याची असते, आणि रस्त्यापासून तिथवर बोगद्यातून दीड किलोमीटर किंवा लांबच्या वाटेने २.७ किलोमीटर चालावं लागतं. तासभर हातात ठेवून पोचा. तिकिटं फार आधी संपतात. मुक्कामाच्या तारखा त्यांच्याभोवती ठरवा.

कादिझकडून याला उत्तर म्हणजे बोलोन्याचं बाएलो क्लाउदिया, मासे खारवणारं रोमन नगर. हौद अजून जागेवर आहेत आणि शेजारी तीस मीटरहून उंच वाळूची टेकडी. पण स्वतःची गाडी नसेल तर बेत सोडा.

जेवण

मासे खाणाऱ्यांनी कादिझला छोट्या कोळंबीचे कुरकुरीत तोर्तिईतास (पातळ तळलेली धिरडी) घ्यावेत. मालागाला एल पालोच्या किनाऱ्यावर वाळूभरल्या होडीत, बोरूच्या काडीवर ओवून भाजलेल्या सार्डिन. त्या मे ते ऑगस्टमध्ये चांगल्या चरबीदार असतात. शाकाहारी माणसाची सोय मालागात जास्त. बदाम-लसणाचं थंड सूप आहोब्लांको, आणि तळलेल्या वांग्यांवर चक्क काकवी: फ्रिहिलियाना गावात ती आजही उसापासून बनते. साल्मोरेहो (टोमॅटोचं दाट थंड सूप) कुठेही मागवलं तरी ‘सिन हामोन, सिन उएवो’ म्हणा, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे आणि अंड्याचे तुकडे येतील.

महिना मे, जून किंवा सप्टेंबर असावा. फेब्रुवारीत कार्निव्हलमुळे कादिझला आणि ऑगस्टमध्ये जत्रेमुळे मालागाला खोली मिळणं कठीण होतं.