कर्क्युमिन कॅप्सूल: सहा-सात महिन्यांनंतरचा अनुभव

गुडघ्याला फरक आहे, वयाला नाही, हे आधीच सांगते. कर्क्युमिन म्हणजे हळदीतला मुख्य घटक, त्याच्या ह्या कॅप्सूल. डबीवर ‘हेल्दी एजिंग’ मोठ्या अक्षरात छापलंय पण मी घेतल्या त्या गुडघ्यासाठीच. वय 56, बिल्डिंगला लिफ्ट नाही, सकाळी उठलं की गुडघे आखडलेले. पहिला महिना काहीच नाही, पैसे पाण्यात गेले असंच वाटलं, मग कधीतरी लक्षात आलं की जिना उतरताना आपण कठडा धरत नाही आहोत. आता हे कॅप्सूलमुळे की त्याच सुमारास सुरू केलेल्या फिजिओच्या व्यायामामुळे, देव जाणे. थायलंडमध्ये 2014 ला गुडघेदुखीच्या 367 पेशंटवर अभ्यास झाला, त्यात हळदीचा अर्क आयबुप्रोफेनच्या तोडीस तोड ठरला, पण तो चारच आठवड्यांचा. आयुष्य वाढतं म्हणतात ते माश्या आणि बारीक कृमींवरच्या प्रयोगातलं, माणसात कोणी सिद्ध केलेलं नाही.

सासूबाईंचं म्हणणं, रोज आमटी-भाजीत हळद पडतेच की, मग हे कशाला? त्यांना हिशोब करून दाखवला. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के, आणि माझ्या कॅप्सूलमध्ये 95 टक्केवाला 500 मिलिग्रॅम अर्क, म्हणजे तेवढ्यासाठी रोज पंधराएक ग्रॅम हळद, चांगले पाच चमचे! शिवाय नुसतं कर्क्युमिन रक्तात फारसं उतरतच नाही, म्हणून मिऱ्यातलं पायपरीन घालतात, बंगळुरूच्या 1998 च्या प्रयोगात त्याने शोषण 20 पट वाढलं होतं.

पण गोम इथेच आहे. पायपरीन आतड्यातल्या आणि लिव्हरमधल्या एन्झाइमना अडवतं, आणि बरीचशी औषधंही त्याच वाटेने बाहेर जातात, त्यामुळे ती अंगात जास्त साठू शकतात. आमच्या ह्यांना स्टेंटनंतर रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी त्यांना सरळ नाही म्हणून सांगितलं. पित्ताशयात खडे असतील त्यांनीही विचारूनच घ्या. इटलीत 2019 मध्ये हळदीच्या सप्लिमेंटनंतर हेपॅटायटिसच्या केसेस निघाल्या होत्या म्हणून मी मध्ये एकदा एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करून घेतली, नॉर्मल आली.

बाकी, उपाशीपोटी घेऊ नका, जळजळ होते आणि दुपारपर्यंत मिऱ्याचे ढेकर. जेवणात तूप-तेल असेल तेव्हाच घ्यावी. एकदा कॅप्सूल ओट्यावर फुटली, तो पिवळा डाग अजून आहे तिथे. मधली एक डबी सील उघडलेली आली, विक्रेत्याने मेलला उत्तरच दिलं नाही, आता केमिस्टकडूनच आणते. ही डबी संपली की महिनाभर बंद ठेवून व्यायाम तेवढा चालू ठेवणार आहे, मग कळेलच कोणामुळे काय ते. तूर्त पाचपैकी साडेतीन.