शनिवार-रविवारची मौनसाधना : एक अभिप्राय

बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या एका कॅथलिक प्रार्थनागृहात मराठी भाषिक ख्रिस्ती गृहस्थांसाठी शनिवार-रविवारची मौनसाधना घेतली जाते. यंदाच्या पावसाळ्यात तिचा विषय ‘प्रार्थनेतून देवाच्या इच्छेला शरण जाणे’ असा होता. कोंकणी, कन्नड वा इंग्रजीतून चालणाऱ्या साधना आमच्या भागात मिळतात. प्रवचनापासून पापनिवेदनापर्यंत (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) सर्व काही मराठीतून व्हावे, हा योग क्वचित येतो. गृहाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या उणिवा आखणीतल्या असून सहज दुरुस्त होण्याजोग्या आहेत.

व्यवस्थेविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. खोल्या साध्या पण कोरड्या आहेत, आणि खानापूरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे मोल कळेल. जेवण घरगुती आहे, शुल्क यथाशक्ती पाकिटात घालून द्यायचे असते, आणि मोबाइल आल्याबरोबर कचेरीत जमा करावा लागतो.

पहिले सत्र मात्र सविस्तर लिहावे असे झाले. शरणागती शिकवायची म्हणजे ‘मागू नका, सोसा’ असे सांगायचे, अशी प्रवचनांची रूढ वाट असते. येथे फादरांनी येशूच्या अटकेच्या रात्रीचा गेथशेमाने बागेतील प्रसंग घेऊन वेगळी वाट धरली. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 26व्या अध्यायात येशू प्रथम प्याला, म्हणजे पुढचे दुःख व मरण, टळावा अशी सरळ मागणी करतो आणि मगच पित्याची इच्छा पुढे ठेवतो. दुसऱ्या वेळी तो प्यायल्यावाचून प्याला टळणार नसेल तर पित्याची इच्छा होवो, असे म्हणतो. आणि तिसऱ्यांदा पुन्हा तीच प्रार्थना करतो. म्हणजे ज्याच्याकडून आपण शरणागती शिकायची त्याने आधी मागून घेतले आहे, तेही घाम गाळून. प्रेषित पौलानेही शरीरातील काटा, म्हणजे सतत सलणारी पीडा, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली होती, आणि काटा निघाला नाही, तरी कृपा पुरेशी आहे हे उत्तर त्याला त्या विनवणीतूनच मिळाले. आपल्याकडे पीक बुडाले, लग्न मोडले, नोकरी गेली की लगेच ‘देवाची मर्जी’ म्हणून विषय मिटवण्याची जी सवय आहे, तिच्यात श्रद्धा किती आणि बोलण्याचा कंटाळा किती, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून घर करून आहे.

त्यानंतर प्रत्येकाला कोरा कागद देऊन आपली मागणी जशी मनात आहे तशी लिहिण्यास सांगितले गेले. पुढच्या बाकावरच्या एका मावशींनी मौन मोडून विचारलेच, “फादर, शेताच्या वाटणीचं देवाजवळ मागितलं तर चालतंय काय हो?” फादर म्हणाले, “मावशी, मनात वाटणी आणि तोंडात जगाची शांती, असं देवापुढं कशाला? वाटणीचंच लिवा.” मावशींनी कागद दोन्ही बाजूंनी भरला.

एवढी चांगली बैठक घातल्यावर त्याच रात्री घाई झाली. आराधनेच्या वेळी येशूसंघ (जेझुइट) या धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या समर्पणाच्या प्रार्थनेची छापील चिठ्ठी वाटून, आपले स्वातंत्र्य, स्मरणशक्ती, बुद्धी आणि इच्छा देवाने घ्यावी, असे सर्वांकडून एका सुरात म्हणवून घेण्यात आले. इग्नेशियस यांच्या ज्या साधनापुस्तकाला 1548 साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली, त्यात ही प्रार्थना अगदी शेवटच्या चिंतनात येते. सुमारे तीस दिवसांच्या त्या साधनेत आपले पाप, ख्रिस्ताचे जीवन, दुःखसहन आणि पुनरुत्थान यांवर मनन झाल्यावर, देवाने आपल्याला काय काय दिले हे आठवून साधक ते शब्द उच्चारतो. दोन दिवसांत महिना बसवता येत नाही, हे मान्य. पण क्रम तरी राखता येतो. कागदावरची मागणी पुरती लिहून झाली नव्हती अशा माणसांच्या तोंडी ते शब्द पाठांतरासारखे आले. ही प्रार्थना रविवारच्या समारोपाच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, ठेवली, तर एवढ्याने पुष्कळ फरक पडेल.

रविवारी सकाळी पाहुण्या वक्त्यांचे आजारपणावरील प्रवचन झाले, ते मला पटले नाही. आरोग्य आणि आजार यांपैकी एकाचाच हट्ट धरू नये, हे इग्नेशियस यांचे सूत्र त्यांनी सांगितले खरे, पण ते अशा रीतीने की औषधपाणी करणे हीच श्रद्धेची उणीव वाटावी. वास्तविक त्याच संतांनी येशूसंघासाठी लिहिलेल्या घटनेत (नियमावलीत) शरीरप्रकृती जपण्याविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. मधुमेहाच्या गोळ्या पिशवीत घेऊन आलेल्या श्रोत्यांपुढे एवढी पुस्ती जोडणे आवश्यक होते.

साधनेतील सर्वांत मोलाचा भाग कार्यक्रमपत्रिकेत अगदी बारीक अक्षरात आहे, तो म्हणजे सिस्टरांशी होणारी एकेकट्याची भेट. त्या उपदेश करत नाहीत. कागद वाचायलाही मागत नाहीत. मला त्यांनी एवढेच विचारले, “उत्तर ‘नाही’ आलं, तर देवाशी बोलणं चालू ठेवाल का?” फादरांच्या सत्राची दिशा आणि हा प्रश्न एकत्र घेतले, तर साधनेचा सगळा विषय त्यात येतो. दुर्दैवाने या भेटी जेवणाच्या सुट्टीत कशाबशा उरकाव्या लागतात. पाहुण्यांचे प्रवचन वगळून तो वेळ इकडे दिला, तर कोणाची तक्रार येईल असे वाटत नाही.

ज्यांना प्रार्थनेची थोडी सवय आहे आणि एखादी मागणी बरेच दिवस अडून राहिली आहे, त्यांनी जरूर जावे. घरात नुकतेच दुःख झालेल्यांनी मात्र नाव नोंदवतानाच सिस्टरांची भेट शनिवारीच मागून घ्यावी. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथातील कुटुंबांनाही प्रवेश आहे. अंथरूण मिळते, पांघरूण आपले न्यावे.