बाऊलवाला यूव्ही फिल्टर : पावसाळा-उन्हाळा काढल्यावरचा अनुभव, गळतीसकट

गेल्या मे महिन्यात पावसाच्या तोंडावर हा फिल्टर घेतला, आता पुन्हा आंबे उतरायची वेळ आली, म्हणजे पूर्ण सीझन बघून झालाय म्हणून लिहितेय. आमचं घर दापोली तालुक्यात समुद्राच्या बाजूला, पाणी घरच्या विहिरीचं. दुकानात सगळे आरओच (बारीक पडद्यातून पाण्यातले क्षारही काढणारं मशीन) घ्या म्हणत होते पण जांभ्यातलं पाणी मुळात हलकं असतं, आमच्या विहिरीचं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शंभरच्या आतच येतं आणि आयएस १०५०० ह्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चालतं असं स्पष्ट दिलंय, मग आरओ लावून काढायचं काय? वर एक लिटर प्यायच्या पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जाणार. खाडीकाठच्या विहिरींचं वेगळं आहे, तिथे मार्चनंतर पाणी मचूळ लागतं, त्यांना आरओ लागेलच. आम्ही घेतला साधा यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाने जंतू मारणारा, आणि त्याच्याआधी भिंतीवर दहा इंची पारदर्शक बाऊल, आत ५ मायक्रॉनचा स्पन, म्हणजे गाळ अडवणारी पांढरी कांडी.

पावसाळ्यात ह्या बाऊलने खरं काम केलं. जुलैत विहिरीचं पाणी लालसर येतं आणि गढूळ पाण्यात यूव्हीचा उपयोग होत नाही, मातीच्या कणांमागे जंतू लपतात, प्रकाश पोचतच नाही. त्यामुळे आधी गाळण हवंच. पांढरा स्पन बघता बघता विटकरी रंगाचा झाला की बदलायचा, शंभर-दीडशेला मिळतो. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर जो वास येतो तो मशीनमधल्या कार्बनने जातो, चहाला अजिबात जाणवत नाही.

आता गळती. गणपतीच्या आधी बाऊलखाली ओल दिसायला लागली, सासूबाईंनी खाली पातेलं लावून ठेवलं, सकाळी अर्धं भरलेलं असायचं. हेल्पलाइनला फोन केला तर टेक्निशियन पाऊस कमी झाल्यावर येईल म्हणाले, आणि सणाला घरात मुंबईची सगळी माणसं येणार, पाणी बंद ठेवून कसं चालेल. मग मीच बसले. पहिलं म्हणजे प्लग काढायचा, ओल्या हाताने मशीनला हात नाही. मग सगळं फडक्याने कोरडं करून प्रत्येक जॉइंटला टिश्यू पेपर गुंडाळला, कारण पाणी जिथून टपकतं तिथून ते निघालेलं नसतं, वरून ओघळून खाली येतं, आणि आपण खालचाच जॉइंट आवळत बसतो. सगळ्यात वरचा जो कागद पहिला भिजतो तिथे गळती. आमचा भिजला बाऊल आणि झाकणाच्या सांध्यावर, आणि तोही विहिरीचा पंप सुरू झाला की लगेच, एरवी कोरडा. त्यातच सगळं कारण आलं. टाकीच्या पाण्याला जोर किती असणार, दहा मीटर उंचीला कुठे एक किलो प्रेशर येतं, पण आमच्याकडे किचनची लाइन पंपाच्या पाइपावरच टी मारून घेतलेली, पंप चालू झाला की दणका थेट बाऊलवर. आपल्याकडे बऱ्याच घरांत असंच असतं, एकदा बघून घ्या. आता फिल्टरची लाइन टाकीवरून घेतलीय.

दुरुस्ती अशी, पाणी बंद करून झाकणावरचं प्रेशर सोडायचं लाल बटण दाबायचं, मग चावीने बाऊल खोलायचा. आत खाचेत काळी ओरिंग (गोल रबरी रिंग) असते, तिच्यावर लाल माती बसलेली आणि एका जागी चपटी झालेली. खाच स्वच्छ पुसली, नवी ओरिंग बसवली, तिला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात लावला. हाताने घट्ट आणि चावीने अगदी थोडं, बस्स. जोर लावून आवळला तर बाऊलला केसासारखी चीर जाते आणि मग एमसील लावा नाहीतर काहीही, प्रेशरखाली टिकत नाही, बाऊलच बदलावा लागतो. टेफ्लॉन टेप फक्त आट्यांच्या जॉइंटला, ओरिंगवर टेप गुंडाळलेली बघितलीय मी लोकांकडे, त्याने उलट जास्त गळतं.

दिवाळीनंतर पाव इंची पाइपाच्या एल्बोतून (काटकोनी जोडातून) थेंब यायला लागले. तिथे एल्बोची रिंग आत दाबून धरायची, पाइप ओढून काढायचा, टोक सेंटीमीटरभर अगदी सरळ कापायचं आणि शेवटपर्यंत आत ढकलून एकदा मागे ओढून बघायचं. तिरकं कापलेलं टोक कधीच बसत नाही. पाइपावर उंदराचे दात लागलेत का तेही बघा, शेजारच्या काकूंकडे तेच निघालं. यूव्हीच्या नळकांड्यातून गळत असेल तर मात्र हात लावू नका, आत काचेची नळी असते आणि चालू दिवा डोळ्यांनी बघायचा नसतो, ते टेक्निशियनचंच काम.

म्हणून कोकणात फिल्टर घेताना माझं एकच सांगणं, स्टँडर्ड साइजचा बाऊल आणि पाव इंची पाइप असलेलाच घ्या. कंपनीची स्वतःची सीलबंद काडतुसं असलेली मशीनं दिसायला भारी असतात पण ऐन पावसात घाटावरून पार्ट येईपर्यंत पाणी उकळत बसावं लागतं. ह्याची ओरिंग, एल्बो, स्पन सगळं दापोलीत हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, जूनच्या आधी एकेक आणून ठेवा.

तक्रारी दोनच. भिंतीवरच्या पट्टीचे स्क्रू खाऱ्या हवेने एका पावसात गंजले, मी स्टीलचे घालून घेतले. आणि मशीनचा पुढचा नळ बंद केल्यावरही दोन-चार थेंब टाकतो, वॉशर बदलून फरक पडला नाही, आता अख्खा नळच बदलणार आहे.